आठवी ब ची हजेरी

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून ही बया पत्र कशाला लिहीत बसली, असं म्हणशील. रविवारची दुपार आहे, हे मुलांना घेऊन त्यांच्या बहिणीकडे गेलेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी रडणार आणि सांगायचं ते राहून जाणार. मला भीती वाटते आहे, ताई. सकाळपासून तीनदा चहा केला आणि तीनदा ओतून दिला.

यंदा माझ्या गळ्यात आठवी ब पडली, ते तुला ठाऊकच आहे. बेचाळीस मुलं. मी फळ्याकडे वळले की मागून गुणगुण सुरू होते. तोंडं मिटलेली, नजरा वहीत, आवाज नाकातून. पकडणार कोणाला? रागावून झालं, लाडीगोडी झाली, पालकांना बोलावून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी फळ्यावर लिहिणंच सोडलं. भिंतीला पाठ लावून तोंडी शिकवते. बावीस वर्षं नोकरी झालेली बाई रोज वर्गाच्या दाराशी थांबून आधी छाती भरून श्वास घेते, हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही.

हजेरीची तर दैनाच. मी एकाचं नाव घ्यावं आणि भलत्यानेच 'हजर, बाई' म्हणावं, मग हशा, मग गुणगुण, की दहा मिनिटं गेलीच. मान वर करून एकेकाचा चेहरा बघत जा, असं तू मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतंस. मी ते सोडून दिलं. सहामाहीपासून मी सकाळी सगळ्यांच्या नावांपुढे हजर लिहून टाकते, हजेरीपट कार्यालयात पाठवते आणि मधल्या सुट्टीत तिथे जाऊन, कोण दिसलं नव्हतं ते आठवून दुरुस्त करते. सगळं सुरळीत चाललं होतं. कोणाला पत्ता नव्हता.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला चिमणी म्हणतात. आवाज एवढासा, दुसऱ्या बाकावर बसते. परवाच्या मंगळवारी ती शाळेत आलीच नाही. अकरा वाजता तिची आई, घरी विसरलेला डबा घेऊन आली. कारकुनाने हजेरीपट बघितला आणि सांगितलं, पोरगी वर्गात आहे, डबा ठेवून जा. आई निर्धास्त मनाने कामावर गेली. डबा शिपायाने शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवला, त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी होती. ताई, मधल्या सुट्टीभर तो डबा माझ्या समोर होता. मागच्या बाकावरच्या दोघांची मारामारी झाली होती, त्यांना तिथे उभं करून मी झापत होते. चिठ्ठी मी वाचली. येईल न्यायला, असं मनात म्हटलं. दुरुस्ती राहूनच गेली.

ती सापडली संध्याकाळी सहाला, शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे, अर्धवट बांधलेल्या इमारतीत. काम बंद होतं. हत्यारं न्यायला आलेल्या सुताराला कण्हणं ऐकू आलं. कठडा नसलेल्या जिन्यावरून ती सकाळी दहाच्या सुमाराला पडली होती. पाय दोन जागी मोडलाय. ओरडून ओरडून घसा बसला होता. अकरालाच शोधायला लागले असते तर...

गुरुवारी मी दवाखान्यात गेले. तिच्या आईने माझा हात धरला आणि म्हणाली, बाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिनेच सांगितलं, की पोरगी वाचायला उभी राहिली की वर्ग गुणगुणतो, म्हणून ती मधूनमधून शाळा बुडवून त्या इमारतीत बसायची. आईला कळू नये म्हणून शाळा सुटायच्या वेळी घरी यायची. जी भीती मला, तीच तिला, ताई. रोज मला दिसत होती आणि मी माझ्याच जिवाला जपत बसले.

उद्या दहा वाजता चौकशी आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी परवा मला आत बोलावून दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं, हजेरीपट खरा धरू. मुलगी आली होती आणि पहिल्या तासानंतर फाटकातून सटकली, एवढंच मी सांगायचं. पोर घाबरलेली आहे, वेळ तिला काय आठवणार. म्हणजे सगळं येणार फाटकावरच्या म्हाताऱ्या काकांवर. त्यांना काढूनच टाकतील. ते मला काल म्हणाले, बाई, मी तर कोणालाच बाहेर सोडलं नाही हो. मी मान हलवली आणि पुढे निघाले.

तुला वाटेल, हिने खरं सांगायचं ठरवलंय आणि धीर मागते आहे. तसं नाही गं. मी ठरवलंय ते खरं, पण मला माझा भरवसा नाही. तिथे बाईंचा चेहरा बघितला, नोकरी डोळ्यांपुढे आली, की माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य बाहेर पडेल, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. म्हणून हे सगळं माझ्या अक्षरात लिहिलं आहे आणि खाली सही करते आहे. आता लगेच खाली उतरून पेटीत टाकते, म्हणजे परत घेता यायचं नाही. तुला मिळालं की मला फोन करून एकच विचार, खरं बोललीस का. मी अडखळले, तर हे पत्र घेऊन शाळेत ये आणि सगळ्यांसमोर वाच. मी तुझी बहीण आहे म्हणून दया करू नकोस.

तुझीच, चुकलेली
धाकटी