बाबांच्या पायथ्याशी मांडलेला कॉम्प्युटर

प्रिय धाकट्या,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. 'ताई, मुद्द्यावर ये' म्हणतोस, आणि मी मुद्द्यावर आले की नेमकी तुझी मीटिंग लागते. कागदाला मध्येच तोडता येत नाही, तेव्हा मुकाट्याने वाच. आणि जिन्यात उभ्याउभ्या वाचू नकोस. घरात जा, बस, मग वाच.

तू पाठवलेला कॉम्प्युटर पोचला. खोकं एवढं मोठं की आणणाऱ्याने दारातच विचारलं, फ्रिज घेतलात का? त्या कागदावर सही करण्याआधी बाबांना एकदा चांगल्या कॅमेऱ्यातून नीट बघायचं म्हणून तू तो पाठवलास. फोनच्या चौकोनात ते बाबा वाटत नाहीत म्हणालास. प्रत्यक्ष ये म्हटलं तर तुला रजा नाही. असो, भांडण आल्यावर करू. नळीतून देतो ते अन्न थांबवायच्या त्या कागदावर माझी सही झाली आहे आणि तुझी राहिली आहे, एवढंच इथे लिहून ठेवते.

आता तो मांडायचा कुठे? बाबांची खोली तुला ठाऊक आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सलाईनचा स्टँड, औषधांचं स्टूल आणि आमची बसायची खुर्ची. पायथ्याशी आईचं लोखंडी कपाट, पलंगाला इतकं खेटून की त्याचं दार अर्धंच उघडायचं. बाबांना झटका आला, हॉस्पिटलचा पलंग घरात आला, तेव्हापासून ते कपाट तिथेच होतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हाक मारली आणि दोघांनी ते ओढत ओढत बाहेरच्या बोळात काढलं. त्या जागी टेबल ठेवलं, टेबलावर स्क्रीन, तोंड बाबांकडे. म्हणजे माझी पाठ बाबांकडे.

सगळ्या वायरी जोडल्या, बटण दाबलं. आत पंखा घरघरायला लागला, निळा दिवा लागला, आणि स्क्रीनवर 'सिग्नल नाही' एवढं येऊन ती काळी ठिक्कर पडली. पुन्हा बटण, पुन्हा तेच. नव्या कोऱ्या वस्तूने पहिल्याच दिवशी रुसून बसावं, याचा मला भयंकर राग आला. मी त्या काळ्या काचेकडे डोळे वटारून बघत बसले. काचेत माझं तोंड दिसत होतं, माझ्या खांद्यामागे पलंग दिसत होता, आणि उशांना टेकलेले बाबा माझ्याकडे बघत होते.

बाबांचे डोळे हल्ली उघडे असतात हे तुला सांगितलंच होतं. ती शरीराची सवय, त्यात बघणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पलंगाशेजारी उभं राहून त्यांनी बॅटरीचा झोत डावीकडे-उजवीकडे फिरवला होता आणि बुबुळं हलली नव्हती. आपण दोघांनीही ते मान्य केलं होतं. म्हणून मी वळून बघितलं. बाबा खरंच माझ्याकडे बघत होते. मी उठून पलंगाच्या कडेला गेले. नजर होती तिथेच राहिली, रिकाम्या खुर्चीवर. मनाला म्हटलं, बाई, नजर आपली समोर लागलेली आहे, तूच तिच्या वाटेत जाऊन बसलीस. पुन्हा खुर्चीत बसले. काचेत पुन्हा ते डोळे. मी भुताखेतांना भीक घालत नाही, तरी तिथे बसवेना. दोरीवरचा टॉवेल काढून मी स्क्रीनवर टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा घासत बसले. बाबांचं करायला येतात त्या मावशी म्हणाल्या, "अहो ताई, बंद मशीनला कशाला झाकायचं ते?" मी म्हटलं, धूळ बसते.

दुसऱ्या दिवशी ऊन खोलीत आल्यावर धीर आला. दुकानदाराला फोन लावला. माणूस सज्जन, पण बोलणं असं की मी पहिलीच्या वर्गात आहे. त्याने मला डबा उघडायला लावला, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसायला लावली, परत दोन्ही बाजूंनी कट् वाजेपर्यंत दाबायला लावली. हे सगळं मी टेबलाखाली बसून केलं आणि सारखं वाटत होतं, कुणीतरी पाठीवर नजर ठेवून आहे. लहानपणी गृहपाठ करताना बाबा मागे येऊन उभे राहायचे, तेव्हा मान न वळवताही कळायचं ना, तसं. पट्टी बसवून झाली तरी स्क्रीन काळीच. मग दुकानदार म्हणाला, आता कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा, वर बारीक दिवा लागतो का बघा. दाबलं. लागला. पुन्हा दाबलं. विझला. तो हसायलाच लागला. "अहो ताई, मशीन चालू आहे की! कालपासून चालूच असणार. तुम्ही बटण दाबताय ते सगळं त्याला कळतंय. फक्त स्क्रीनची वायर चुकीच्या जागी खोचलीय तुम्ही. मागे खाली अजून एक जागा आहे, चित्र तिथून बाहेर येतं."

मी फोन ठेवला, पण वायरीला हात लावला नाही. टॉवेल काढला. काचेत बाबा होतेच. मी उभी राहिले, तर काचेतले डोळे वर आले. बसले, तर खाली आले. खरं सांगते, मी त्या खोलीत भर दुपारी चक्क उठाबशा काढल्या, आणि दर खेपेला ते डोळे माझ्याबरोबर वर गेले, खाली आले. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आल्या पावली निघून गेल्या. त्यांना वाटलं असणार, गेली ही पण.

मग मी वळून पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिले, बरोबर समोर, जिथे कपाटामुळे आपल्यापैकी कुणीच कधी उभं राहिलं नव्हतं. म्हटलं, बाबा, हो असेल तर वर बघा, नाही असेल तर डोळे मिटा. तुमची स्कूटर निळी होती? त्यांनी डोळे मिटले. राखाडी होती? नजर वर गेली. तरी माझा विश्वास बसेना. विचारलं, मी सातवीत गणितात नापास झाले होते? प्रश्न संपायच्या आत नजर वर! मी हसले आणि हसता हसता दांडीवर डोकं टेकून इतकी रडले की मावशी पाणी घेऊन धावत आल्या.

डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनाही मी पायथ्याशीच उभं केलं. त्यांनी स्वतःचे प्रश्न विचारले, मग खुर्चीत बसले. म्हणाले, शुद्ध परत आलेली आहे, बहुधा दोनेक महिने झाले असतील. कान शाबूत, डोकं शाबूत. बाकी सगळं शरीर कुलूपबंद. डोळेसुद्धा आडवे फिरत नाहीत, फक्त वर-खाली, आणि आम्ही झोत आडवा फिरवत होतो. याहून जास्त सुधारणेची आशा धरू नका म्हणाले.

दोन महिने, धाकट्या. या दोन महिन्यांत त्यांच्या उशाशी बसून आपण काय काय बोललो ते आठव. मीच मावशींना मोठ्याने विचारलं होतं, गेल्यावर कुणाकुणाला कळवायचं. तुझा फोन मी स्पीकरवर लावून त्यांच्या उशीवर ठेवायचे, त्यांच्या कानावर तुझा आवाज पडावा म्हणून. त्याच फोनवर तू म्हणालास, "ताई, तिथे आता कोणी नाहीये." ते ऐकलं का, हे मी त्यांना विचारलं. नजर वर गेली. रागावलात का त्याच्यावर? डोळे मिटले, घट्ट. तेव्हा ते मनातून काढून टाक.

कॉम्प्युटर आता उत्तम चालतो. वायर बदलली, लख्ख चित्र आलं. पण त्यावरून फोन करू नकोस. आपला तो कागद डॉक्टरांनी परत घेतला. म्हणाले, माणूस शुद्धीत असताना त्याची सही मुलांनी करायची नसते. नळी ठेवायची की काढायची, हे आता त्यांनाच विचारायला हवं. मी बाकी सगळं विचारते. उशी उंच करू? रेडिओ लावू? धाकट्याला बोलावू? या प्रश्नाला वर गेलेली नजर बराच वेळ खाली आलीच नाही. पण तो एक प्रश्न दोनदा ओठांवर आला आणि दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी विचारून बाहेर पळाले. ते वर बघतील की डोळे मिटतील, मला माहीत नाही, आणि मला दोन्हीची भीती वाटते. मी एकटीने ते उत्तर बघणार नाही. ते आपण दोघांनी बघायचं, त्यासाठी हे पत्र. त्यांना दार दिसत नाही, कडेचं काही दिसत नाही. समोर येऊनच उभं राहावं लागतं, आणि ती जागा एवढीशी आहे की आपल्याला एकमेकांना चिकटून उभं राहावं लागेल. रजेचं काय ते तू बघ. तू येतोयस, असं मी त्यांना सांगून टाकलं आहे.

तुझीच,
ताई