समुद्राची दारं

पंचवटी, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय तृप्ती,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. तू दिलेली सुकी कोळंबी गाडीत लपली नाहीच. समोरच्या बाईंनी नाकाला पदर लावला, आणि त्यांच्या नवऱ्याने कुठे मिळते ते हळूच विचारून घेतलं.

तुझ्या होडीतली ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. एका अंगाला चिलिका सरोवराचं संथ पाणी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधला वाळूचा पट्टा चिरून माणसांनी काढलेली वाट. भरती लागली तसं खारं पाणी आत शिरलं. तू बोट बुडवून चाखलंस, मान हलवलीस. कोळणी तुझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मीही. लहानपणी विहिरीत डोकवायला घाबरणारं आमचं शेंडेफळ.

अप्पांना सगळं सांगितलं. आधी बिघडलेच. "गोड्या पाण्यात खारं सोडायचं? चोपण व्हईल ना सगळं, काय उगवायचं नाय." मग समजावलं, की सरोवराचं समुद्राकडचं जुनं मुख वाळूने बुजलं तेव्हा गवत माजलं, मासळी आटली, ही वाट खोदली आणि समुद्रातून पिल्लं पुन्हा आत आली. या वाटेतली वाळू काढून घेणं तुझं काम; ती वेळेवर काढली नाही, तर पावसाळ्यात पुराला बाहेर जायला जागा नाही.

मग म्हणाले, "म्हंजे दारंच धरती ती. आपण वाफ्यावाफ्यात पाणी वळवून कांद्याला धरतो, ती समुद्राला." लगेच सायखेड्याला खंडेरावकाकांना फोन लावला आणि हेच तीनदा सांगितलं.

फोन लावावा लागला, कारण अप्पा सायखेड्यात नाहीत. दिवाळीपासून माझ्याकडे आहेत. ते का आले नाहीत असं तू विचारलंस तेव्हा मी कांद्याच्या लागणीचं काहीतरी सांगितलं.

त्यांच्या किडन्यांनी काम जवळजवळ सोडलंय. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी डाव्या मनगटात दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या. ती शीर फुगून तयार झाली की डायलिसिस. रोज सकाळी तिथे हात ठेवून बघायचं. आत थरथर लागली की रक्ताची वाट उघडी आहे. 'खोदता कुणालाही येतं, उघडी ठेवायला माणूस लागतो,' असं तू होडीत म्हणाली होतीस. ते मला आता रोज ऐकू येतं.

तुझ्याकडे मला त्यांनीच पाठवलं. "मला आता जाता येनार नाय. तू बघून ये तिचं काम." आणि शपथ घातली, "पावसाच्या आत तिचं होऊ दे. कळलं तर हातातलं टाकून येईल. तिकडं लय गावं हायेत."

मी हो म्हणाले होते. पण तुझं काम बघितल्यावर वाटलं, इतक्या गावांचं पाणी जिच्या भरवशावर आहे, तिच्यापासून तिच्याच बापाचं दुखणं लपवणारी मी कोण?

काम टाकू नकोस. कधी निघायचं ते तुझं तू ठरव. पण ये, आणि एका सकाळी त्यांच्या मनगटावर हात तू ठेव.

अप्पांची शपथ मोडून,
तुझी
सविताताई