अर्धवट फॉर्म

मंगळवार, संध्याकाळ. दिंडोशी.

लॅपटॉप भिंतीवर आपटावासा वाटतोय. मार खाणाऱ्या बायकांना मदत मागता यावी म्हणून एका संस्थेने काढलेल्या वेबसाइटचा फॉर्म मीच केला. फिकट निळे चौकोन, गोल कोपरे. अर्धवट भरलेलं आपोआप सेव्ह, पुन्हा लिहायला नको. केवढी मिरवत होते!

वरच्या मजल्यावरच्या शीतलने दुपारी भरायला घेतला. बेल वाजली, तिने घाईत बंद केला. नवऱ्याने मोबाइल हिसकावून उघडला, तर निळ्या चौकोनांत तिचा शब्द न् शब्द तसाच. त्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं.

भेटू दे हरामखोर, दात पाडते त्याचे. पण सेव्ह कोणी केलं होतं?

टाके घातल्यावर रिक्षात माझ्याच खांद्यावर मान टाकून म्हणाली, "फॉर्म सोपा आहे गं तुझा. कुठेच अडले नाही."