अकरा सेकंदांची मापं

१२ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर पुसून टाकला आणि तशीच लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर रडले असते, आणि तुम्ही घाबरून फोन शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या हातात दिला असता.

आई पडद्याआड बायकांची मापं घेताना आकडे टेपवर बोलायची, आणि तुम्ही ते ऐकून कापड बेतायचात. त्यातल्या शेवटच्या उरलेल्या टेपवरचा आवाज साफ करायला मी क्लाउडवर मोठा कॉम्प्युटर भाड्याने घेतला होता, तुमच्या कार्डावर. काम दोन दिवसांचं. नंतर तो आपोआप बंद होणार होता. झाला नाही. तेवीस दिवस चालू राहिला आणि आज बिल आलं, अख्ख्या सत्राच्या फीएवढं. नुसता बंद ठेवला तरी भाडं चढतं असं वाचलं, म्हणून त्यावरच्या सगळ्यासकट काढून टाकला.

चूक माझी. पुढचं सत्र सोडते. रागवा, पण पत्रातून.

तुमची,
ठमी

१६ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

तुझ्यावर कशाला रागवू? तो बंद होत नव्हता, कारण मी होऊ देत नव्हतो. कार्ड माझं, म्हणून रोज संध्याकाळी माझ्याच फोनवर प्रश्न यायचा, कॉम्प्युटर रिकामा आहे, बंद करायचा का. मी रोज नाही म्हणून कळवायचो. आई आता त्या कॉम्प्युटरमध्ये आहे असं तू म्हणाली होतीस. गमतीने म्हणाली असशील.

हॉस्पिटलात आईच्या व्हेंटिलेटरचं डॉक्टरीणबाईंनीही असंच विचारलं होतं. तेव्हा मी हो म्हणून सही केली. दुसऱ्यांदा हो म्हणवेना. कॉम्प्युटर चालू राहिला तर पैसे पडतात हे डोक्यातच आलं नाही.

बिलासाठी काजांचं मशीन विकलं. आता काजं हाताने करीन. सत्र सोडलंस तर मात्र खरंच रागवेन.

एक विचारतो. पुसण्याआधी तिचा आवाज तू बाजूला काढून ठेवला असशीलच.

बाबा

२० मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

नाही ठेवला. हे एवढं लिहायला कालची सगळी संध्याकाळ गेली. बुरशी लागलेली मूळ टेप एकदाच वाजली आणि तिचे तुकडे झाले. बिलाचा आकडा दिसला आणि पुढचं काही दिसलं नाही. तुम्ही तेवीस दिवस जपलंत, ते मी एका मिनिटात घालवलं.

कंपनीने अर्धं बिल सोडलं. विद्यार्थ्यांना एकदा सोडतात म्हणे. मशीन परत मिळतंय का बघा.

चाळीस मिनिटांतले अकरा सेकंद उरले आहेत. कॉलेजातल्या सरांना नमुना म्हणून पाठवले होते, म्हणून. आई छाती छत्तीस, बाही साडेअठरा असं सांगते, आणि मग विचारते, लिहून घेताय की चहा पिताय. तुमच्या फोनवर पाठवते आहे. एकटे असताना ऐका.

माझ्यावरची माया आटू देऊ नका. दुसरं काही मागायला तोंड नाही.

ठमी

२५ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

काल संध्याकाळी शटर ओढून ऐकलं. चहाच पीत होतो.

मशीन परत मिळालं नाही. तू सत्राची फी भर.

गिऱ्हाईक कोण होतं, आठवत नाही. आज सकाळी त्या मापाचं कापड बेतलं. कंबर तिने सांगितलेली नाही, ती अंदाजाने धरली.

बाबा