परळची बाटली

मंगळवार, भोईवाडा

पुन्हा तीच बाटली! गावच्या काकांना फोनवर किती वेळा सांगू, ते औषध नाही म्हणून? मी लॅबमध्ये भांडी धुतो, बर्फातले खोके आत नेतो. त्या बाटलीत सशाच्या रक्तातून काढलेली अँटीबॉडी असते. पेशीला वर-खाली कळतं ते एका प्रोटीनमुळे, म्हणे. ही त्याला चिकटते आणि ते कुठे बसलंय ते दाखवते. दाखवते फक्त, बरं करत नाही. लॅबच्या मॅडमनीच सांगितलं.

काका म्हणतात, "परळाक रवतस आणि घरच्या माणसाक एक बाटली नाय? मोठो शाणो झालंस!"

इथल्या कॅन्सरच्या हॉस्पिटलमुळे गावात परळ म्हणजे कॅन्सरवरचा इलाज. मग परळची बाटली म्हणजे औषधच!

किळस आली आज. दादाच्या बायकोच्या, वहिनीच्या छातीत गाठ आहे, आणि काकांनी तिला डॉक्टरकडे जाऊच दिलं नाही. का, तर पोरगो बाटली धाडतलो. ती महिनाभर वाट बघत बसलीय. माझ्या बाटलीची!

फोन तिलाच द्यायला लावला. म्हटलं, "वहिनी, बाटली येणार नाही. तूच ये."

ती म्हणाली, "भावजी, ह्या आधी कित्याक नाय सांगलात?"

काकांना सांगत होतो ना! तिला एकदाही नाही. थू!

तिचं आणि दादाचं गाडीभाडं आत्ताच पाठवतोय. दोन हजार.