उंट बाहेर काढायला लावणाऱ्या मामांस

मामा, नमस्कार. (रागातला आहे, पण वाकून केलाय.)

काल मी काळ्या मोहऱ्यांनी हरलो. क्लबच्या चिटणीसांनी स्वतः फळ्यावर निकाल लिहिला, तेव्हा बातमी पक्की समजा. आता समोरचा दातांचा डॉक्टर एक डाव, मी एक डाव. तिसरा डाव रविवारी. जिंकेल तो संघात चौथ्या पटावर बसणार आणि हरेल तो राखीव, म्हणजे गेली कित्येक वर्षं मी आहे तो: इतरांची घड्याळं लावायची, खुर्च्या सरळ करायच्या आणि टाळ्या वाजवायच्या.

तुमची प्रकृती कशी आहे? नवी कवळी हिरडीला टोचत असेल तर मला फार वाईट वाटणार नाही.

तुम्हीच म्हणाला होतात ना, की पोटापाण्याच्या मागे लागलेल्या माणसाने ढीगभर सुरुवाती पाठ करायच्या नसतात, दोन्ही रंगांना पुरेल अशी एकच मांडणी धरायची? प्याद्यांचा त्रिकोण करायचा, पण तो बंद होण्याआधी वजिराच्या बाजूचा उंट बाहेर काढायचा. पांढरे असोत की काळे, आधी उंट. मी ते इतकं मनावर घेतलं, की दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात वाचायचा नंबर वर आणि लांबचा खाली बसवला. (तो गृहस्थ हनुवटी छातीला टेकवून पेपर वाचत दुकानात आला. मालक मला जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) तुमची भाचेसून रोज समोर बसून पांढरे खेळायची. शेवटी तीच म्हणाली, "अहो, तुमचा उंट तरी घरी थांबतो का कधी?"

पहिला डाव याच मांडणीवर मी पांढऱ्यांनी जिंकलो. तुम्हाला आनंदाने फोन केला. आणि तुम्ही काय केलंत? कवळी करून घ्यायला माझ्याच घरी आलात आणि शहरात एवढे दवाखाने असताना त्या डॉक्टरच्याच खुर्चीत जाऊन बसलात!

काल मी उंट बाहेर काढला मात्र, याने वजीर बाजूला आणून उंटामागे उघड्या पडलेल्या प्याद्यावर नेम धरला. ते वाचवायला गेलो तर मधलं पडलं, मधलं धरलं तर हत्ती कोपऱ्यात अडकला. डाव संपल्यावर डॉक्टर माझा हात हातात घेऊन म्हणतो, "तुमचे मामा म्हणजे देवमाणूस हो! काय समजावून सांगतात!" मी म्हटलं, तोंडात मापाचा साचा असताना? तर म्हणे, बोलायची गरजच पडली नाही. तुम्ही त्याच्याच ट्रेवर कापसाच्या बोळ्यांची प्यादी मांडलीत, आरशाचा वजीर केलात आणि माझं भोक दाखवलंत. मामा, मांडणी दोन्ही रंगांना एकच, म्हणजे भोकही दोन्ही रंगांना एकच, हे मला सांगायला तुमचं तोंड रिकामं होतं ना? ते त्याला सांगितलंत! सख्ख्या बहिणीचा मुलगा मी, आणि विद्या कोणाला, तर दाढ उपटणाऱ्याला!

यापुढे आपला संबंध फक्त लग्नकार्यापुरता. तुमची मांडणी तुम्हाला लखलाभ.

तुमचा (नाइलाजाने)
भाचा

ता. क. : मामींना नमस्कार. त्यांचा यात काही दोष नाही.

ता. क. दुसरा : कवळी घासून घ्यायला तुम्ही शनिवारी येणार आहात, असं डॉक्टरच सांगत होता. उतरा आपल्याकडेच. मात्र आल्याबरोबर, चहाच्याही आधी, ते उघडं प्यादं कसं राखायचं ते मला दाखवा. रविवारी नाणेफेकीत कुठलाही रंग येवो, मी तीच मांडणी खेळणार आहे. मला दुसरी येते कुठे? मग दवाखान्यात जा, आणि त्याने कवळी तोंडातून काढायच्या आत त्याला एवढंच सांगा, की भाच्याने ती मांडणी कायमची सोडली.