चिरनेरला बघण्यासारखं काय आहे?

रविवार, १३ नोव्हेंबर २०११
खांदा कॉलनी

आज चिरनेरला जाऊन आलो. एसटीनं, पोळी-भाजीचा डबा घेऊन, त्यामुळे खर्चाच्या नावानं कुरकुरणारे हेसुद्धा खूश! हुतात्मा स्मारक पाहिलं, गणपती पाहिला. बाहेर एक आजी काकड्या विकत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, अजून काय आहे बघण्यासारखं?"

"काय नाय," म्हणाल्या. मग काकडीला मीठ लावता लावता सहज बोलल्या, "यो रस्ता हाय. जंगल सत्याग्रहाला माजा सासरा कोयता घेऊन याच रस्त्यानं गेल्ता. दंडात गोळी घेऊन परत आला."

आणि म्हणे, काय नाय! मी मघाशी त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या घालत आले होते.

"तुमी कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"खांदा कॉलनीच्या. आमच्याकडे मात्र खरंच काही नाही हो बघण्यासारखं. नुसत्या बिल्डिंगी."

"नाय कसं? माज्या मावशीचं शेत व्हतं तिथं. मोठी इहीर व्हती, आमी पोरी पोवायचो. येते पुढल्या रविवारी, दाखवते तुमाला."

बघण्यासारखं काही नाही, असं मी अकरा वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगतेय. आता माझीच कॉलनी मला दाखवायला चिरनेरहून आजी येणार!

घरी आल्यावर राहवेना. दोघंही पार्किंगमध्ये वाकून वाकून जमीन बघत फिरलो. वॉचमननं विचारलं, "काय हरवलं, मॅडम?"

म्हटलं, "विहीर."